मंडळीच्या कामात भाग कसा घ्यावा

उपासनेला यायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि आशीर्वाद झाला की गाडीला किक मारायची, असे सभासद मराठवाड्यातल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, आहेत. त्यांचा विश्वास खरा असतो, फक्त त्यांना कोणी काम सांगितलेलं नसतं. सांगण्याची वाट पाहू नका. एक लहान काम मागून घ्या आणि ते धरून ठेवा.

त्याआधी नाव नोंदवा. गाव सोडून छत्रपती संभाजीनगर, जालना किंवा नांदेडला आला असाल, तर जुन्या पाळकसाहेबांकडून (पास्टरांकडून) सभासदत्वाचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला आणा. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन वगैरे प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, पण आपल्याकडच्या मेथोडिस्ट मंडळ्या त्यात आल्या नाहीत. त्यामुळे एकीकडची नोंद दुसरीकडे आपोआप जात नाही. कॅथोलिक असाल तर फादरांना भेटून धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, कुटुंबाची नोंद करा.

मग काम. वाचनापासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं. पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, शनिवारीच घरी मोठ्याने दोनदा वाचा. नबुखद्नेस्सरसारखं नाव ऐनवेळी समोर आलं की भलेभले अडखळतात. आवाज चांगला असेल तर गायनात जा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं भजनाच्या चालीवर टाळ-ढोलकीसह म्हटली की म्हातारीकोतारीही सूर धरतात. तरुणांनी कीबोर्ड जरूर वाजवावा, पण या चाली आजी-आजोबांकडून आत्ताच शिकून घ्याव्यात. त्या कागदावरून उतरत नाहीत.

माणसं खऱ्या अर्थाने ओळखायची असतील तर कापणीच्या सणाच्या तयारीत शिरा. तारीख प्रत्येक मंडळीची वेगळी. ज्वारीचं पोतं, हरभरा, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असं सगळं वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एखादा शंभराची कोंबडी पाचशेला घेतो, तिथेच परत अर्पण करतो आणि ती पुन्हा लिलावात येते. इथे तीन माणसं लागतात: एक बोली पुकारणारा, एक लिहिणारा, एक पैसे घेणारा. लिहिण्याचं काम तुम्ही मागा. घेणाऱ्याचं नाव, वस्तू, रक्कम आणि रोख की उधार, हे चारही रकाने भरलेच पाहिजेत. उधारी हमखास राहते. ती पुढच्या दोन आठवड्यांत गोडीने वसूल करणारा सभासद खजिनदाराला फार हवा असतो, आणि त्या निमित्ताने घरोघरी तुमचा चहाही होतो.

मंडळी म्हणजे रविवारचे दोन तास, ही समजूत आपल्या भागातली नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली ती नुसतं चर्च म्हणून नव्हे, तर गाव म्हणून. आजही खरी गरज आठवड्यातल्या इतर दिवशी असते, ऊसतोडीच्या हंगामात तर जास्तच. दिवाळीच्या आसपास बीड भागातली कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात म्हातारे आणि शाळेतली मुलं. त्यांची यादी करा. आठवड्यातून एकदा घरी जा, औषध संपलंय का बघा, प्रार्थना करा, आणि तिथूनच ऊसतोडीवर गेलेल्या मुलाला किंवा सुनेला फोन लावून द्या. मुलांना संडे स्कूलला नेण्याची जबाबदारी एकाने घेतली तरी पुष्कळ. माझ्या मते मंडळीत याहून मोठी सेवा नाही, आणि ती करायला पद लागत नाही.

दशांश (मिळकतीचा दहावा भाग) किंवा वर्गणी जमेल तेवढी द्या, पण नियमित द्या आणि पावती घ्या. वार्षिक सभेला अवश्य बसा. हिशेब वाचला जातो तेव्हा शंका असेल तर उभं राहून, नम्रपणे विचारा. बाहेर पारावर कुजबुज करू नका. कमिटीच्या निवडणुकीला उभं राहण्याची मात्र घाई नको. दोन-तीन वर्षं घरं फिरा, सगळ्यांच्या सुखदुःखाला हजर राहा. मग नाव लोकच सुचवतात.