हत्तरसंग कुडल: सकाळी पक्षी, दुपारी गळ

सोलापूरहून विजापूर रस्त्याने निघालं की सुमारे ४० किलोमीटरवर हत्तरसंग कुडल. इथे सीना भीमेला मिळते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कुठलाही दिवस चालेल, फक्त महाशिवरात्र आणि सणासुदीची गर्दी टाळा. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेपाचला घर सोडा.

सकाळ पक्ष्यांना द्या आणि गळ दुपारी काढा. थंडीत पहाटेचं पाणी गार असतं. मासा सुस्त पडून राहतो, आमिषाकडे ढुंकून बघत नाही. उन्हाने काठाचं उथळ पाणी कोमट झालं की दुपारी तीननंतर तो चरायला काठाशी येतो. पक्ष्यांचं उलट असतं. नऊनंतर ऊन तापलं की ते पांगतात आणि तापलेल्या हवेमुळे दुर्बिणीतलं चित्र थरथरतं.

दुर्बीण ८×४२ ची पुरते. कपडे मातकट रंगाचे घाला. सूर्य पाठीशी ठेवून काठावरच्या बाभळीच्या आडोशाला बसा आणि वीस मिनिटं हलू नका. चालत राहिलं की टिटवी ओरडते आणि सगळा काठ सावध होतो. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला काळा-पांढरा पक्षी म्हणजे कवड्या खंड्या. तो सरळ खाली सूर मारतो. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा नदी सुरय प्रवाहाला धरून उडतो. वाळूच्या पट्ट्यावर केशरी रंगाची चक्रवाकाची जोडी दिसली तर जवळ जायचा मोह आवरा. त्यांनी माना ताठ केल्या की तुम्ही फार जवळ आलात असं समजा आणि दोन पावलं मागे या. शेकाट्या, धोबी, पाणकावळे, राखी बगळे बहुधा दिसतातच. पाणकावळे आणि खंड्या कुठे बुड्या मारतात ते वहीत टिपून ठेवा. बारीक मासळी तिथे असते, आणि दुपारी गळ कुठे टाकायचा हे त्यावरून ठरवता येतं.

दहा वाजता कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. मग संगमेश्वराच्या मंदिरात जा. तिथल्या तुळईवर शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. बाहेर शेकडो छोट्या शिवमुखांनी मढवलेलं भलंमोठं शिवलिंगही बघा.

मंदिराच्या घाटावर किंवा भाविक आंघोळ करतात तिथे गळ टाकू नका. जागा निवडण्याआधी गावातल्या मच्छीमारांना विचारा. बंधारे आणि तलावांच्या मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा सहकारी संस्थेकडे असतो, आणि परवानगी नसताना टाकलेला गळ म्हणजे त्यांच्या पोटावर पाय. टाकळीच्या पुलापलीकडे कर्नाटक लागतं, हेही ध्यानात असू द्या.

काठी फायबरची, ८ ते १० फूट. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा ०.२५ ते ०.३० मिलिमीटरचा. चिलापीचं (तिलापिया) तोंड लहान असतं, तिला ८ ते १० नंबरचा गळ लावा. रोहू, मृगळ, सायप्रिनसला (कॉमन कार्प) ४ ते ६ नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानातून घेताना विसरू नका. गळ बांधताना तंगूस नेढ्यातून काढून स्वतःभोवतीच पाच-सहा वेळा गुंडाळा, टोक नेढ्याजवळच्या पहिल्या फाशातून घाला, मग तयार झालेल्या मोठ्या फाशातून घ्या. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते, तंगूस तिथेच दुबळा पडतो आणि मोठा मासा लागला की नेमका तिथेच तुटतो.

आमिषासाठी एक वाटी कणीक, अर्धी वाटी भुईमुगाच्या पेंडीचा चुरा आणि चिमूटभर बडीशेपेची पूड घट्ट मळा. त्यात कापसाचे दोन-तीन पुंजके विंचरून मिसळा. कापूस नसला तर पहिल्याच फेकीत गोळी पाण्यात विरघळते. चिलापीला गांडूळच बरं.

खोली मोजायला गळाला जड शिसं अडकवून सोडा आणि तंगूसवरचा तरंगा नुसता दिसेल एवढा वर-खाली सरकवा. मग शिसं काढा. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या थरात. चिलापीसाठी आमिष तळापासून वीतभर वर ठेवा. तरंगा नाचतो पण मासा लागत नाही, तेव्हा बहुधा दोन कारणं असतात: तरंगा फार मोठा, किंवा गळाचं टोक कणकेत पूर्ण बुडालेलं. टोक किंचित बाहेर असू द्या. तरंगा दोनदा थरथरला की थांबा. तो बुडाला किंवा आडवा सरकला की मनगटाने झटका द्या, खांद्याने नको.

शिंगटा (मिशांचा काटेरी मासा) लागला तर उघड्या हाताने धरू नका. पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. ओल्या जाड फडक्याने पकडा. काटा टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात जागा बुडवून ठेवा, सूज वाढली तर डॉक्टरकडे जा. थाई मांगूर लागला तर पुन्हा पाण्यात सोडू नका. त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तो नदीतले देशी मासे फस्त करतो. देशी माशांची पिल्लं मात्र ओल्या हाताने सोडा. पावसाळ्यात रोहू-कटला अंडी घालायला प्रवाहात चढतात, तेव्हा गळ घरीच ठेवा.

पाण्यात उतरू नका. वाळूउपशाचे खड्डे वरून कळत नाहीत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट दोन पुरुष खोल जातं. बंधाऱ्याच्या लगेच खालचं पाणी माणसाला फिरवून आत ओढतं. वरच्या उजनी धरणातून पाणी सोडलं असेल तर इथे ऊन असलं तरी पातळी वाढते. काठावर एक काडी रोवून अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत राहा.

मासा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला की तासाभरात वास मारतो. ओल्या गोणपाटात सावलीला ठेवा, निघायच्या वेळी पोट साफ करून बर्फात घाला. आतडी काठावर टाकू नका, कुत्री गोळा होतात.

तंगूसचा एकही तुकडा मागे राहू देऊ नका. बगळ्याच्या पायात अडकला की तो उडायला जातो, फांदीला लटकतो आणि तिथेच मरतो. रिकाम्या डबीत गुंडाळून घरी आणा, आणि इतरांनी टाकलेलाही दिसला तर उचला. साडेपाचला सामान आवरा. परतताना ज्वारीच्या शेतांकडे लक्ष ठेवा, भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे बाभळीवर उतरायची हीच वेळ असते.