कुंडीतल्या भरिताच्या वांग्यावर कीड आणि रोग: पहिल्या वर्षासाठी

खान्देशात गच्चीवर पहिल्यांदाच भाजी लावणारा माणूस बहुधा भरिताच्या हिरव्या वांग्याचेच रोप आणतो, कारण हिवाळ्यात घरोघरी भरीत होते आणि ते आपल्याच कुंडीतल्या वांग्याचे करावे अशी हौस असते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि यावल तालुक्यातल्या बामणोदचे नाव तर त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. मात्र वांगे हे नवख्यासाठी सोपे पीक नव्हे. रोप लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत त्यावर एकामागून एक पाहुणे येतात, आणि घाबरून हाती येईल ते औषध फवारल्यास पाहुण्यांपेक्षा झाडाचीच हानी अधिक होते.

म्हणून पहिली सवय लावावी ती पान उलटून पाहण्याची. रोज सकाळी पाणी घालताना प्रत्येक झाडाची चार-पाच पाने उलटी करावीत, कोवळे शेंडे न्याहाळावेत आणि एखादे पान पांढऱ्या कागदावर झटकावे. दहा रुपयांचे भिंग घेतले तर उत्तम. ज्याला ही पाच मिनिटे देता येत नाहीत, त्याने कोथिंबीर लावावी. वांगे लावू नये.

शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ही वांग्याची मुख्य शत्रू होय. हिचा पतंग लहान, पांढरट, तपकिरी नक्षीचा असतो आणि तो बहुधा रात्रीच अंडी घालून जातो, त्यामुळे तो क्वचितच दृष्टीस पडतो. आपल्याला दिसते ते एवढेच की काल ताठ असलेला एक शेंडा आज मान टाकून आहे, बाकीचे झाड मात्र टवटवीत आहे. नवखा माणूस पाणी कमी पडले असे समजून पाणी घालतो. पण पाणी कमी पडले तर सगळे झाड सुकते, एकच शेंडा नव्हे. तो शेंडा सुकलेल्या भागाच्या एक इंच खाली कापून उभा चिरला की आत पोखरलेली नळी, विष्ठेचा ओलसर भुगा आणि गुलाबीसर अळी सापडते. पुढे फळे धरू लागली की हीच अळी फळात शिरते आणि आत शिरण्याचे भोक बाहेरून फारसे कळत नाही. भरिताचे वांगे अख्खे भाजले जात असल्यामुळे तर ही लबाडी थेट ताटात उघडी पडते. आमच्या घरी म्हणूनच भाजण्यापूर्वी वांग्याला उभी चीर देऊन आत पाहण्याची पद्धत आहे.

हिच्यावर कात्री हेच घरगुती बागेतले सर्वांत खात्रीचे औषध आहे. एकदा आत गेलेल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचत नाही, म्हणून सुकलेले शेंडे आणि भोके पडलेली फळे आठवड्यातून किमान दोनदा कापावीत आणि साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावीत. पहिल्या वर्षी मी असे कापलेले शेंडे निमूटपणे कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकत राहिलो आणि पंधरवड्याने पुन्हा तितकेच शेंडे सुकले, तेव्हा चूक कळली: अळी बाहेर पडून पालापाचोळ्यातच कोष करते. यासोबत एखादा कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंगांना ओढून पकडणारा सापळा, लावावा, आणि त्यातली गोळी वांग्याच्या याच अळीसाठीची आहे ना, हे दुकानात विचारून घ्यावे. कपाशीवरच्या बोंडअळीची गोळी येथे काहीच कामाची नाही. या एका अळीमुळेच देशात बीटी वांग्याचा, म्हणजे जनुक बदलून अळीला तोंड देणाऱ्या वांग्याचा, वाद उभा राहिला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याच्या लागवडीला स्थगिती दिली, यावरून तिचा पसारा लक्षात यावा.

रस शोषणाऱ्या किडींमध्ये आपल्याकडे तुडतुड्यांना पहिला मान द्यावा लागतो, कारण आजूबाजूला कपाशीचे रान असते आणि कपाशीवरचे तुडतुडे वांग्यावरही सुखाने राहतात. पान उलटताच पोपटी रंगाचा, पाचरीसारखा बारीक किडा तिरका चालत दुसऱ्या बाजूला पळाला, तर तो तुडतुडा समजावा. यांनी रस शोषलेल्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग वर वळतात आणि शेवटी करपल्यासारख्या होतात. मावा शेंड्यावर दाटीने बसतो, पांढरी माशी झाड हलवताच भुरकन उडते, आणि पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढावा. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा किंवा ढेकूण आहेच असे धरून चालावे.

या सर्वांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा होतो. वाळलेल्या निंबोळ्यांचा ५० ग्रॅम भरडा रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्यातून पिळून गाळावा, त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण पाणी एक लिटर करून त्याच दिवशी, सूर्य मावळताना, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. वेळ सांभाळणे महत्त्वाचे आहे. एप्रिलमध्ये भर दुपारी कडुनिंबाचे तेल फवारून मी एका झाडाची सगळी पाने भाजून घेतली होती. आपल्या ऊन्हात तेल म्हणजे तव्यावरची फोडणी होते. म्हणून आधी दोन पानांवर फवारून दुसऱ्या दिवशी पाहावे आणि मगच सगळ्या झाडाला हात लावावा.

फेब्रुवारीपासून हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो. पानावर पांढरट बारीक ठिपके पडतात आणि खाली जाळी दिसते. पान कागदावर झटकल्यावर धुळीच्या कणांसारखे ठिपके चालू लागले, तर तोच. त्याला कोरडेपणा मानवतो, म्हणून तीन-चार दिवस सकाळी पाण्याचा फवारा पानांच्या खालून जोरात मारावा. कडक कीटकनाशकांनी त्याचे भक्षक मरतात आणि कोळी उलट वाढतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. शेतकऱ्याच्या घरात कपाशीवरचे उरलेले औषध फळीवर असतेच, आणि 'एवढेसेच टाकू' असे मनात येतेच. ते वांग्यावर कदापि वापरू नये. त्यातल्याच मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाच्या वापरास भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंदी आहे.

पानांची चाळणी करून केवळ शिरा शिल्लक ठेवणारा ठिपक्यांचा भुंगेरा हाताने वेचावा, परंतु ढालकिड्याला त्याच्यासोबत मारू नये. भुंगेरा मळकट, किंचित लव असलेला आणि अंगावर २८ ठिपक्यांचा असतो. ढालकिडा चकचकीत असतो आणि मावा खातो.

रोगांमध्ये रोप कोलमडणे ही पावसाळ्यातली साधी तक्रार आहे: जमिनीलगत देठ मऊ पडून रोप आडवे होते. पाणी कमी करावे, निचरा सुधारावा, आणि पुढच्या वेळी मातीत ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळून बी टाकावे. हिवाळ्यात पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. तशी पाने काढून झाड मोकळे करावे. गंधक वापरायचा असल्यास थंड वेळी वापरावा, आणि कडुनिंबाच्या तेलाच्या आगेमागे दोन-तीन आठवडे तरी नको.

दोन रोगांत मात्र माया करू नये. पाने अगदी बारीक होऊन झुपका झाला आणि फुले येईनाशी झाली, तर तो पर्णगुच्छ. तो तुडतुड्यांमार्फत पसरतो आणि त्यावर उपाय नाही. एका रोपवाटिकेतून आणलेल्या सहा रोपांपैकी दोन मला अशीच मिळाली, आणि 'खत द्या, फुटेल' हा सल्ला ऐकून मी ती महिनाभर जपली, तेवढ्यात तिसऱ्यालाही लागण झाली. दुसरा रोग म्हणजे हिरवेगार झाड एक-दोन दिवसांत अचानक सुकणे. खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगावा. दोन-चार मिनिटांत कापातून दुधी धागे उतरू लागले तर ती जिवाणूजन्य मर आहे. दोन्ही वेळी झाड मुळासकट उपटून जाळावे.

मर झालेल्या कुंडीतली माती त्याच कुंडीत पुन्हा वांगे, टोमॅटो किंवा मिरची लावण्यासाठी वापरू नये. हंगाम संपल्यावर बाकीच्या कुंड्यांतली माती गच्चीवर पातळ पसरून ओलवावी, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा विटांनी दाबाव्यात आणि मे महिन्याचे चार-पाच आठवडे तशीच राहू द्यावी. जूनमध्ये त्यात मेथी किंवा चवळी पेरावी, आणि वांग्याचे नवे रोप दुसऱ्या कुंडीत लावावे.