तुरुंगातल्या महिला बराकीवर पहिल्यांदाच ड्युटी लागलेल्या पोरींसाठी

भरतीत धावून, गोळा फेकून, लेखी पास होऊन पोरी येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "ताई, आत सांभाळायचं तरी काय काय?" मी हवालदार म्हणून निवृत्त झाले तरी उत्तर तेच देते: पाहिलंस ते रजिस्टरात उतरव आणि पुढच्या पाळीला तोंडी सांग. डोक्यात घेऊन घरी जाऊ नकोस.

सकाळी बराक उघडायच्या आधी गिनती. बायकांना जोडीजोडीने बसवायचं, स्वतः चालत मोजायचं, मग उलट्या बाजूने पुन्हा. नंतर वजाबाकी: दवाखान्यात किती, पेशीला म्हणजे कोर्टात किती, भिशीत म्हणजे स्वयंपाकाला किती. पोरं वेगळी मोज. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईपाशी राहू शकतं. ते आईच्या आकड्यात मिसळलं की टोटल चुकते, आणि टोटल जुळेपर्यंत कोणाचीच पाळी सुटत नाही. कामावरच्या जुन्या बंदिणी आकडा पटकन सांगतात. ऐकून घे, पण मोजल्याशिवाय लिहू नकोस. सही तुझी असते.

बाईची झडती बाईनेच घ्यायची, हे 1894 च्या तुरुंग कायद्यापासून चालत आलंय. आडोशाला घे. अंबाडा सोडायला लाव, साडीच्या काठाची शिवण बोटांनी चाचप, चपलेचा तळ वाकवून बघ. कडेवर मूल असेल तर ते आईच्याच मांडीवर राहू दे, लंगोट तिलाच सोडायला सांग. ओढून घेतलंस तर ती बिथरते, तिच्यामागे अख्खी बराक ओरडते आणि झडती राहते बाजूला. थंडीत हात आधी चोळून घे. प्रशिक्षणात हे कोणी सांगत नाही.

पहिली मागणी कधीच मोठी नसते. "मॅडम, सासूला एवढंच विचारा, पोराची फी भरली का." ऐकून पोटात तुटतं. तरी निरोप न्यायचा नाही. "फोनसाठी अर्ज कर, मी लिहायला मदत करते," एवढं म्हण आणि खरंच कर. आज निरोप नेलास की उद्या तंबाखूची पुडी मागितली जाते, आणि बंदी असलेली वस्तू आत नेणाऱ्याला कैद होऊ शकते. नकार दिलास तोही वरिष्ठांच्या कानावर घाल. उद्या ती म्हणाली, "मॅडमनीच कबूल केलं होतं," तर तुझ्या बाजूने काहीतरी हवं ना!

सगळ्यात जड असतात काही ठरावीक रात्री. जामीन फेटाळला. शिक्षा लागली. मुलाखतीच्या दिवशी कोणी फिरकलंच नाही. किंवा मूल सहा वर्षांचं झालं आणि बाहेर गेलं. ती रात्र तर मलाही सोसायची नाही. अशा वेळी ताट शेजारणीकडे सरकवणारी, साबण-तेल वाटून टाकणारी, दिवसभर रडून एकदम गप्प झालेली बाई हेरून ठेव. "कशी आहेस?" विचारलंस तर "बरी आहे" हेच ऐकशील. त्यापेक्षा "पोरगा कितवीत आहे?" विचार, आणि बोलायला लागली की घाई करू नकोस. मरणाची भाषा निघाली तर वाच्यता कशाला, असं म्हणून दाबू नकोस; लगेच डॉक्टर आणि वरिष्ठ दोघांना कळव. तिला एकटीला ठेवू नकोस. रात्रपाळीवालीला नुसतं नाव सांगून भागत नाही, सोबत नेऊन चेहरा दाखव.

आता घरचं. मोबाईल बाहेर जमा होतो, म्हणून घरच्यांकडे गेटचा लँडलाइन नंबर असू दे. गौरी-गणपतीत सुट्टी मिळेलच असं नाही, सासरी हे आधीच सांग. ऐनवेळी सांगितलं की रुसवे-फुगवे. नवऱ्याला गुन्ह्यांच्या कहाण्या हव्या असतात, त्या देऊ नकोस, पण "आज मन जड आहे" एवढं मात्र म्हण. रात्रपाळीनंतर स्वयंपाकाला न भिडता आधी झोप. फार दिवस झोप लागत नसेल तर दवाखाना गाठ, त्यात नोकरीला बट्टा लागत नाही. आणि रजेचा अर्ज तोंडी कधीच नाही. दोन प्रती कर, एकीवर पोच घे.