सांडपाण्यातून साथीचा माग: मुंबईत नमुने घेताना या चुका टाळा

पोलिओच्या विषाणूसाठी मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जातात. देशात ही पद्धत इथूनच सुरू झाली. पोलिओची लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणं दिसत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो. म्हणून दवाखान्यात एकही रुग्ण नसताना गटाराच्या पाण्यात त्याचा माग लागतो. कोविडनंतर इतर आजारांसाठीही अशी तपासणी वाढली. मात्र निकाल विचित्र आला की सगळे आधी पीसीआर यंत्राकडे (विषाणूचा जनुकीय अंश अनेक पट वाढवून शोधणारं यंत्र) बोट दाखवतात. बहुतेक वेळा घोटाळा त्याच्या कितीतरी आधी, मॅनहोलपाशी झालेला असतो.

हे पाणी नेमकं कुणाचं?

मुंबईत मलवाहिनी वेगळी आणि पर्जन्य जलवाहिनी वेगळी, हे कागदावर खरं आहे. प्रत्यक्षात ज्या वस्त्यांना मलवाहिनीची जोडणी नाही, तिथल्या शौचालयांचा मैला सेप्टिक टाकीत साठतो किंवा सरळ नाल्यात जातो. फक्त पंपिंग स्टेशनवर नमुने घेतले तर याच दाट वस्त्या नजरेतून सुटतात, आणि साथ पसरण्याचा धोका तिथेच जास्त असतो. अशा भागासाठी नाल्याचाच नमुना घ्यावा लागतो. पण त्या नाल्यात वरून काय काय येऊन मिळतं, गोठे आहेत का, कारखान्याचं पाणी येतं का, हे चालत जाऊन नोंदवा.

दुसरी चूक वॉर्डाच्या नकाशावर विसंबण्याची. मलवाहिनी जमिनीच्या उतारानं जाते, वॉर्डाची हद्द पाळत नाही. जी उत्तर विभागात दादर, माहीम आणि धारावी तिन्ही येतात; तिथला एखादा आकडा ‘जी उत्तरचा’ म्हणून छापला तर त्यातून कुणालाच काही कळत नाही. मलनिःसारण खात्याचा नकाशा घ्या. शंका असेल तर वरच्या मॅनहोलमध्ये फ्लुओरेसीन हा चमकदार हिरवट रंग सोडून तो खाली कुठे निघतो ते पाहा. पोलिओसाठी साधारण १ ते ३ लाख लोकांचं पाणी एका ठिकाणी यावं, असा संकेत आहे. परळसारख्या भागात वर मोठी रुग्णालयं असतील तर नमुन्यात राज्यभरातून आलेल्या रुग्णांचा अंश असतो. दादर स्थानकाखालच्या वाहिनीत दिवसा प्रवाशांचा. अशी जागा वर्ज्य नाही, पण तिचा आकडा स्थानिक रहिवाशांच्या नावावर टाकू नका.

भरतीचं वेळापत्रक न पाहणं

इतर शहरांसाठी लिहिलेल्या सूचनापत्रात हा मुद्दा सहसा सापडत नाही, आणि इथे बरेच नमुने त्यानंच वाया जातात. मुंबईत रोज दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्याजवळच्या आणि खाडीला मिळणाऱ्या नाल्यांत तेव्हा समुद्राचं पाणी आत शिरतं, प्रवाह थांबतो किंवा उलटा वाहतो. दर सोमवारी सकाळी ८ वाजता नेमानं नमुना घेतला, तरी एका सोमवारी मैलापाणी मिळतं आणि पुढच्या सोमवारी पातळ केलेलं खारं पाणी. आलेखावर मग साथ चढते-उतरते, ती भरती-ओहोटीबरोबर.

यावर उपाय म्हणजे एक साधा विद्युतवाहकता मीटर. मैलापाण्याची वाहकता बहुधा १,००० ते १,५०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते, समुद्राच्या पाण्याची सुमारे ५०,०००. म्हणजे १० टक्के खारं पाणी मिसळलं तरी मीटर ६,००० च्या आसपास जातो. एरवीच्या आकड्याच्या दुप्पट दिसलं की बाटली भरू नका. ओहोटीला परत या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जागाच बदला, थोडी वरच्या अंगाला घ्या.

वेळ आणि बाटली

एकदाच घेतलेला नमुना असेल तर सकाळच्या गर्दीच्या प्रवाहात घ्या, ७ ते १० च्या दरम्यान. पंपिंग स्टेशनवर मैलापाणी ज्या विहिरीत जमतं, तिच्या पृष्ठभागावरचं पाणी पंप बंद असताना घेऊ नका. गाळ खाली बसलेला असतो. पंप सुरू झाल्यावर १०-१५ मिनिटं थांबा. स्वयंचलित नमुनायंत्रानं २४ तासांचा एकत्रित नमुना मिळाला तर उत्तमच.

नाल्याकाठी ब्लीचिंग पावडर नुकतीच टाकली असेल तर क्लोरीन बाटलीतही विषाणू नष्ट करत राहतो. तो निष्प्रभ करण्यासाठी १ लिटरच्या निर्जंतुक बाटलीत आधीच १० टक्के सोडियम थायोसल्फेटचं सुमारे ०.८ मिली द्रावण घालून ठेवा. लेबल झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर. आणि नमुना कायम वरून, दोरीच्या बादलीनं किंवा लांब दांड्यानं. मॅनहोलमध्ये माणूस उतरवायचा नाही, मिनिटभरासाठीही नाही. हायड्रोजन सल्फाइडनं दोन श्वासांत शुद्ध जाते, आणि उतरलेल्याला वाचवायला उतरणाराही मरतो.

वाहतुकीत तापमान ४ अंशांच्या आसपास ठेवा. ट्रॅफिकमध्ये दुपारी स्कूटरवर ठेवलेल्या डब्यातला बर्फ वितळून गेलेला असतो आणि नोंदवहीत मात्र ‘४ अंश’ लिहिलेलं असतं. डब्यात तापमान नोंदणारं यंत्र ठेवा. विषाणू संहत करण्याआधी (म्हणजे भरपूर पाण्यातून थोड्या द्रवात गोळा करण्याआधी) नमुना गोठवायचा टाळा. गोठण्या-वितळण्यात आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय धागा, तुटतो.

प्रयोगशाळेत

विषाणू संहत करण्यासाठी पीईजी ८,००० हे रसायन (८ ते १० टक्के) आणि मीठ घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवणं ही रुळलेली रीत. घाई इथे दोन प्रकारे नडते. पहिली, गाळ निरुपयोगी समजून फेकणं. कोरोनासारखे आवरणधारी विषाणू बऱ्याच प्रमाणात गाळालाच चिकटतात. दुसरी, नियंत्रण विषाणू (ठरावीक प्रमाणात मुद्दाम घातलेला, तुलनेसाठीचा विषाणू) शेवटी मिसळणं. तो संहत करण्याआधी घाला, नाहीतर वाटेत किती विषाणू गमावला हे कळणार नाही.

सांडपाण्यातली सेंद्रिय द्रव्यं पीसीआर दाबतात. नमुना १० पट पातळ करून पुन्हा चालवा. अडथळा नसेल तर नियंत्रण विषाणूचं सीटी मूल्य (तो दिसायला पीसीआरची किती आवर्तनं लागली तो आकडा) सुमारे ३.३ नं वाढतं. जेमतेम १ नं वाढलं किंवा उलट घटलं, तर अडथळा आहे, आधीच्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका.

आकडा वाचताना

प्रति लिटर आकडा एकटा छापू नका. समजा १ लाख लोकांचं दिवसाला १ कोटी लिटर पाणी येतं आणि लिटरमागे विषाणूच्या जनुकाच्या १ लाख प्रती सापडतात: माणशी दिवसाला १ कोटी प्रती. जुलैत पावसानं प्रवाह तिप्पट झाला तर तोच आजार लिटरमागे ३३ हजार दाखवेल, आणि कुणीतरी साथ ओसरल्याची बातमी देईल. प्रवाह मोजा. मापक नसेल तर मिरचीच्या सौम्य ठिपका विषाणूशी (पीएमएमओव्ही) तुलना करा. तो आहारातून बहुतेकांच्या विष्ठेत येतो, म्हणून पाणी किती पातळ झालं याचा अंदाज देतो. आरएनए सापडला म्हणजे विषाणू जिवंत आहे असंही नाही.

पोलिओबाबत वेगळी गडबड होते. पल्स पोलिओची फेरी झाल्यावर सांडपाण्यात लशीतला विषाणू दिसणारच. ती साथ नव्हे. पण पोलिओ विषाणूचे तीन प्रकार आहेत, आणि एप्रिल २०१६ पासून तोंडावाटे देण्याच्या लशीत प्रकार २ नाही. तो दिसला तर लगेच कळवा. जनुकक्रमात व्हीपीवन भागात (विषाणूच्या कवचातल्या एका प्रथिनाचं जनुक) प्रकार १ आणि ३ साठी १० किंवा अधिक, प्रकार २ साठी ६ किंवा अधिक बदल आढळले तर तो लशीपासून बदलत गेलेला विषाणू धरतात.

निकाल आल्यावर

एका नमुन्यावर वस्तीचं नाव जाहीर करू नका. घरकाम करणाऱ्या बायकांना दुसऱ्या दिवशी कामावरून परत पाठवलं जातं, आणि पुढच्या खेपेला वस्तीत नमुना घेऊ देत नाहीत. कोणत्या आकड्याला कोण काय करणार हे आधीच लिहून ठेवा: सलग दोन नमुन्यांत वाढ दिसली तर वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन, आरोग्य सेविकांच्या घरभेटी, जवळच्या ‘आपला दवाखाना’त तापाच्या आणि जुलाबाच्या रुग्णांची मोजणी. टायफॉइड किंवा कॉलराचा संशय असेल तर त्या पट्ट्यातल्या नळांचा उरलेला क्लोरीनही तपासा.

मग उगमाकडे सरका. दोन वाहिन्या जिथे मिळतात तिथल्या वरच्या दोन्ही मॅनहोलांतून एकाच सकाळी नमुने घ्या, जी फांदी पॉझिटिव्ह येईल तिच्यावर पुढचा जोड शोधा. दर फेरीला क्षेत्र साधारण अर्धं होतं. पाच-दहा हजार लोकांवर आलात की थांबा आणि सेविकांना पाठवा. वाहिनीच्या आणखी वरच्या अंगाला गेलात तर पाणी एखाद्याच इमारतीचं उरतं.