स्प्लेंडरचं हेड उघडायच्या आधी

कास्तकाराच्या गाडीचं पोर्टिंग, म्हणजे इंजिनच्या हेडमधल्या हवा आत घेणाऱ्या (इनटेक) आणि धूर सोडणाऱ्या (एक्झॉस्ट) वाटा घासून नीट करणं, करायचं तर मे महिन्यातच उरकावं. एकदा पेरणी लागली की गाडी दोन दिवस उभी ठेवणं कोणालाच परवडत नाही. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात प्रत्येक सामान त्याच दिवशी मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणून हेडचं गॅस्केट, व्हॉल्व्ह सील, मॅनिफोल्डचा ओ-रिंग, सायलेन्सरची रिंग, व्हॉल्व्ह घासायची जाडी आणि बारीक पेस्ट, गाडी कार्ब्युरेटरची असेल तर त्याचा एक नंबर मोठा मेन जेट, एवढं हाताशी आल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

मग गाडीचं खरं दुखणं बघा. इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन मोजा, आकडा वहीत लिहा. हेड उतरवलं की पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाच मिनिटं थांबा. व्हॉल्व्हच्या कडेने चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल जळतं त्या खोलगटात, ओल उतरली तर सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) गळते. व्हॉल्व्ह थोडा उचलून हलवा, खटखट वाजला तर आधी गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी, बदला. सीट गळकी आणि गाइड सैल असताना पोर्ट कितीही देखणा केला तरी गाडी ओढणार नाही. हेडवर सरळ पट्टी आडवी धरून फीलर गेजची ०.०५ मिमीची पाती खालून जाते का तेही तपासा. जात असेल तर हेड यवतमाळला मशीनवर जाणार, तो दिवस हिशेबात धरा.

ग्राइंडर स्पीड कमी-जास्त होणारा हवा आणि त्याचा बर, म्हणजे घासायचं दातेरी टोक, मोठ्या दातांचा. बारीक दातांत ॲल्युमिनियम भरून बसतं आणि बर घसरतो, म्हणून त्याला मधूनमधून मेणबत्ती घासायची. चष्मा आणि मास्क हवाच, नुसत्या दुपट्ट्याने भुकटी अडत नाही. जुने व्हॉल्व्ह भंगारात टाकू नका, घासताना सीट झाकायला तेच बसवायचे. हे मी नुकसान करून शिकलो. काम चालू असताना लाईन गेली आणि मी ग्राइंडर तसाच पोर्टात धरून वाट बघत बसलो. लाईन आली तसा तो उसळला आणि एक्झॉस्टच्या सीटवर नखाएवढी खाच पडली. गिऱ्हाइकाला नवी सीट माझ्या पैशाने बसवून दिली. लाईन गेली की आधी बटन बंद, मग ग्राइंडर बाहेर.

सगळ्यात जास्त वेळ कुठे घासायचं नाही हे ठरवण्यात घाला. आपल्याकडे ही ९७.२ सीसीची गाडी दुधाच्या कॅन किंवा खताची पोती घेऊन काळ्या मातीच्या पांदणीतून निघते. तिला खालच्या आरपीएमची ओढ लागते. पोर्ट उगाच रुंद केला तर हवेचा वेग पडतो आणि नेमकी तीच ओढ जाते. म्हणून पोर्टच्या तोंडाला निळी शाई लावून, वर गॅस्केट ठेवून सुईने रेघ मारा आणि तिच्या बाहेर जाऊ नका. सीटच्या खालची पायरी आणि ओतकामाची उभी धार, एवढंच काढायचं. करंगळी आत घालून चाचपली की ती धार लगेच लागते. आतल्या वळणाची जवळची बाजू फक्त गुळगुळीत करा, ती खाली उतरवू नका. हवा तिथूनच वळते. तिथे खोल गेलात की ती भिंत सोडून देते.

चेंबरला तर हात राखूनच लावा. कॉम्प्रेशन रेशो ९:१ धरला तर गॅस्केटसकट चेंबर जेमतेम १२ मिली भरतो. एक मिली वाढला की तो रेशो ८.४ वर येतो. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणून आधी आणि नंतर मोजा.

इनटेक ८० नंबरच्या पेपरवर सोडा. आरशासारखा चमकवला तर पेट्रोल भिंतीला थेंबाथेंबाने चिकटून वाहतं. एक्झॉस्ट मात्र जितका गुळगुळीत तितका बरा, काजळी कमी धरते. आणि गाडीवर हात बसला म्हणून ट्रॅक्टरच्या हेडकडे वळू नका. डिझेलच्या इनटेक पोर्टचा पीळ हवेला भोवरा देण्यासाठीच असतो.

जोडणीच्या दिवसासाठी रॉकेल किंवा डिझेल, साबणाचं पाणी, हवेचा पाइप आणि टॉर्क पाना आदल्या रात्रीच काढून ठेवा. धुतलेल्या पोर्टातून पांढरं फडकं फिरवायचं, त्यावर करडा डाग उमटला तर पुन्हा धुवायचं.