शाळेला जायच्या आधी: दप्तर सोडून बाकीची तयारी

इकडे कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात रेनकोट आणि छत्र्या लटकायला लागल्या की समजायचं, शाळेला आता आठ-दहा दिवसच उरले. वह्या, कव्हरं, बूट यांची यादी शाळा देतेच, ती मी सांगत बसत नाही. मी सरकारी मराठी शाळेत शिकवते. दर वर्षी शाला प्रारंभोत्सवाला दाराला आंब्याचं तोरण असतं, गोडधोड असतं, आणि त्याच तोरणाखाली दोन-तीन पोरं आईचा पदर घट्ट धरून उभी असतात. त्यांच्यासाठी घरी आधी काय करून ठेवता येतं, तेवढंच लिहिते.

आजोळाला गेलेलं पोर निदान आठवडाभर आधी घरी आणा. आपल्याकडे हे जरा अवघड असतं, कारण आपल्या निम्म्या बायकांचं माहेर पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड, गडहिंग्लज नाहीतर आजऱ्याकडे. कर्नाटकातल्या शाळा २९ मेच्या आसपास उघडतात, महाराष्ट्रातल्या १५ जूनच्या सुमाराला. म्हणजे मामाची पोरं अजून फणस खात हुंदडत असतात आणि आपल्याला तेवढं उचलून आणलेलं. पोराला वाटतं, ही मलाच शिक्षा. त्याला कॅलेंडर दाखवा. दसऱ्याला तुला सुट्टी असेल तेव्हा मामाची पोरं वर्गात बसलेली असतील, हे बोट ठेवून सांगा. माझ्या पुतण्याला हे एवढं पटलं की त्याने ऑक्टोबरची पानं रंगवून ठेवली.

झोप हळूहळू मागे आणा. रोज पंधरा मिनिटं लवकर निजवलं की आठवडाभरात दीड-पावणेदोन तासांचा फरक पडतो. सहा ते बारा वर्षांच्या पोराला रात्रीची नऊ ते बारा तास झोप लागते. अर्धवट झोपेचं पोर सकाळी दात घासायलाही रडतं आणि आपण म्हणतो, शाळेला घाबरलं.

आता भाषा. यावर मी जास्त बोलणार, कारण यात माझे हात पोळलेत. मी मराठी शाळेची बाई, पण माझा मुलगा बेळगावात इंग्रजी शाळेला घातला. लोक बोलले, बोलू देत. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, वर्गात इंग्रजी. पहिल्या तीन दिवसांत तो घरी आला की चप्पल न काढताच मोरीकडे पळायचा. मला वाटलं, खेळून पाणी जास्त पीत असेल. चौथ्या दिवशी चड्डी ओली करून आला आणि रडत म्हणाला, "आई, कसं विचारायचं ते येत नाही." दिवसभर पोरगा धरून बसत होता. मी त्याला एबीसीडी, शंभरपर्यंत आकडे, दोन कविता पाठ करून पाठवलं होतं. लघवीला जाऊ का, हे विचारायला शिकवलं नव्हतं.

म्हणून शाळा कुठलीही असो, चार वाक्यं घरी पक्की करा: पाणी पाहिजे, बाहेर जाऊन येऊ का, कळलं नाही, पोटात दुखतंय. शाळा ज्या भाषेची त्या भाषेत. कन्नडमध्ये "नीरु बेकु" आणि "गोत्तागलिल्ला" एवढं आलं तरी पोर जगतं. पाठ करून घेऊ नका, खेळ करा. आजी बाई होऊन खुर्चीत बसते आणि नातू हात वर करून विचारतो, असा खेळ. आजीला कन्नड येत नसेल तर अजून मजा, दोघं मिळून चुकतात.

मराठी शाळेतल्या पोरांनाही कन्नड विषय असतोच. कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ चा, आणि २०१७-१८ पासून तो पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यावर आपली मतं आहेत, सीमाप्रश्न १९५६ पासून आपल्या ओट्यावर बसलेला आहे, आणि घरात त्याबद्दल बोलणं होणारच. पण जेवताना बाप कन्नडवर तोंडसुख घेतो आणि दुसऱ्या दिवशी पोराला कन्नडच्या तासाला बसायचं असतं. ते कुणाचं ऐकणार? आपला हक्क वेगळा आणि पोराला अक्षर गिरवून देणाऱ्या मॅडम वेगळ्या, हे मोठ्यांनी आपापसात ठरवून घ्यावं.

इयत्ता बघून काही गोष्टी बदलतात. पहिलीच्या पोराला शाळा आधी एकदा रिकामी दाखवून आणा. वर्ग, नळ, संडास, आणि डबा किंवा दुपारचं जेवण कुठं खायचं ती जागा. आत नाही सोडलं तर कुंपणावरून बघा. नली-कलीतून, म्हणजे पहिली ते तिसरीच्या खेळत शिकायच्या पद्धतीतून, चौथीत जाणारं पोर आजवर गटात, जमिनीवर, कार्डं घेऊन शिकलेलं असतं. आता रांग आणि पाठ्यपुस्तक. त्याला आधी सांगून ठेवा की बसायची पद्धत बदलेल, तू मागे पडलेला नाहीस.

सगळ्यात मोठी उडी मात्र सातवीतून आठवीची. गावातली शाळा संपते आणि पोर जांबोटी, नंदगड, खानापूर, नाहीतर थेट बेळगावच्या हायस्कूलला जातं. पंचवीस पोरांच्या शाळेतलं हुशार पोर साठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतं. त्याचं दुःख ते बोलत नाही, कारण आठवीत गेलेल्याने रडायचं नसतं. बसचा प्रवास एकदा सुट्टीतच बरोबर जाऊन करा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली. फायदा मोठाच, पण सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि कोपऱ्यात अडकलेलं पोर आपला स्टॉप आला तरी उतरू शकत नाही. "इल्ली निल्लस्री", म्हणजे इथं थांबवा, एवढं मोठ्याने ओरडायला शिकवा, घरी, अंगणात, लाज जाईपर्यंत. मुलीला अंगाशी कुणी लगट केली तर कंडक्टरला ओरडून सांगायचं आणि घरी आल्यावर तिची शाळा बंद होणार नाही, ही दोन्ही वाक्यं आईने सांगितलेली असावीत. दुसरं जास्त महत्त्वाचं. शाळा सुटेल या भीतीनेच मुली गप्प बसतात. पाळी आलेली असो वा नसो, दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राचा कागद ठेवा, आणि शाळेत कुठल्या बाईंना सांगायचं ते ठरवून ठेवा.

आपल्याकडे शाळा उघडते आणि पेरणी सुरू होते, दोन्ही एकदमच. भाताच्या दिवसांत आईबाप अंधारात शेताकडे जातात, पोर परत येतं तेव्हा घराला कडी. यावर उपाय नाही, पेरणी थांबत नाही. पण आदल्या रात्रीच सांगा की उद्या चार वाजता घरी कुणी नसेल, शेजारच्या काकूकडे चहा-चपाती ठेवली आहे, मी दिवे लागायच्या आत येते. आणि त्या आत या. जे सांगाल ते घड्याळाप्रमाणे असू दे, एवढंच.

पोर घरी आल्यावर "आज काय शिकवलं?" हे विचारू नका, उत्तर "काही नाही" असंच येतं. शेजारी कोण बसलं, दुपारी कुणी भात टाकला, बाई कुणावर ओरडल्या, असं विचारा. बाई कुणावर ओरडल्या याचं उत्तर लगेच येतं, आणि कधीकधी ते नाव आपल्याच पोराचं असतं. मारलं असेल तर मात्र जाऊन विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. मी स्वतः शिक्षिका असून सांगते, विचारायला लाजू नका.

सुरुवातीच्या आठवड्यांत सेतुबंध असतो. मागच्या वर्षीचं किती आठवतंय ते बघायला आधी चाचणी, मग उजळणी. त्या पहिल्या चाचणीत गुण कमी येतातच; दोन महिने आंबे खाल्लेल्या पोराला भागाकार कुठून आठवणार? तो कागद कपाटावर लावू नका आणि काकाला फोनवर सांगू नका.

सोमवारी सकाळी पोटात दुखणं हे बहुतेक वेळा नाटक नसतं, काळजीने खरंच दुखतं. जवळ घ्या, गरम पाणी द्या आणि तरीही शाळेला पाठवा, कारण एक दिवस घरी ठेवलं की मंगळवार जास्त जड जातो. पण दोन-तीन आठवडे उलटूनही रोज रडणं, अंथरूण ओलं होणं, जेवण तुटणं, मित्रांना टाळणं चालूच असेल तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग डॉक्टरांकडे जा. देवऋष्याकडे नंतर जा म्हणते मी, पूर्ण जाऊ नका म्हटलं तर कुणी ऐकत नाही. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आणि चोवीस तास चालतो. मुलांसाठी १०९८. मोठं पोर "मी नसतो तर बरं झालं असतं" असं चेष्टेत म्हणालं तरी १४४१६ ला त्याच दिवशी फोन करा.

आणि मोज्यांचे तीन जोड घ्या, दोन पुरत नाहीत. जूनमध्ये आपल्याकडे चुलीवर टांगूनही मोजे वाळत नाहीत, आणि सकाळी गार, ओला मोजा पायात चढवताना पोर जे रडतं ते शाळेसाठी नसतं.