नवा राउटर घेताना आधी मागचे पोर्ट बघा
सोलापुरात घरूनच टॉवेल-चादरींची डिझाइनं करणाऱ्यांसाठी: एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल टाकताना इंटरनेटच्या प्लॅनचा काही संबंध नसतो, सगळा भार राउटरवर. खोक्यावरच्या वाय-फाय वेगाच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. लॅन पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरची केबल लावायच्या मागच्या खाचा, गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) आहेत का, ते दुकानातच विचारा. १०० एमबीपीएसच्या (मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) पोर्टमधून सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी जातात, म्हणजे २० जीबीला अर्धा तास. गिगाबिटवर तेच तीन-चार मिनिटांत उरकतं. निदान एक कॉम्प्युटर कॅट-५ई केबलने जोडाच, कारण दोन्ही एकाच बँडच्या (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) वाय-फायवर असले की वेग जवळपास निम्मा होतो. आणि जुन्या पेठांतल्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फारसं पोचत नाही, तेव्हा राउटर कामाच्याच खोलीत लावा.